व्हिडिओ खेळांतील लढत व वातावरण

व्हिडिओ खेळाच्या आस्वादाचे दोन प्रमुख घटक. खेळाडूने पडद्यावरील प्रतिस्पर्ध्याशी शस्त्र, हालचाल व डावपेच यांच्या साहाय्याने दिलेली झुंज म्हणजे लढत. तर दृश्य, प्रकाश, ध्वनी आणि शांतता यांच्या योगाने खेळातील जगाला येणारा भावनिक रंग म्हणजे वातावरण. लढतीतून कौशल्याचा आनंद मिळतो व वातावरणातून कल्पनेचा, अशी विभागणी सामान्यतः केली जाते. ती स्थूलमानाने उपयुक्त असली, तरी अपुरी आहे. उत्तम खेळांत लढतीची रीतच वातावरण घडविते आणि वातावरण लढतीला अर्थ देते. या दोहोंची फारकत झाली, तर लढत हा बोटांचा व्यायाम ठरतो व वातावरण ही केवळ सजावट उरते.

या संबंधाचे एक आरंभीचे उदाहरण म्हणजे जपानमधील टायटो कंपनीचा स्पेस इन्व्हेडर्स (१९७८) हा खेळ होय. तोमोहिरो निशिकादो यांनी रचलेल्या या खेळात ५५ परग्रहवासी पाच रांगांनी डावीउजवीकडे सरकत खाली उतरतात. शत्रू मारले जाऊ लागले की, यंत्राला कमी आकृत्या रेखाटाव्या लागत आणि उरलेले शत्रू अधिक वेगाने सरकू लागत. यंत्राच्या मर्यादेतून उद्‌भवलेला हा परिणाम निशिकादो यांनी खेळात तसाच राखला. चार उतरत्या स्वरांचे पार्श्वभूमीवरील आवर्तनही त्याबरोबर जलद होत जाते. त्यामुळे खेळाडू विजयाच्या जसजसा जवळ जातो, तसतसा त्याच्या मनावरील ताण वाढतो. आकृत्या अगदी ओबडधोबड असूनही येथे वातावरण निर्माण होते, ते मुख्यतः लढतीच्या बदलत्या गतीतून.

पुढील काळात खेळाडूच्या हाती किती सामर्थ्य द्यावयाचे, यावर खेळाचा भावनिक रंग ठरू लागला. अमेरिकेतील इड सॉफ्टवेअरच्या डूम (१९९३) या खेळात नायक अतिशय वेगवान व शस्त्रसज्ज असतो. साहजिकच तेथील अंधारे मार्ग पराक्रमाची रंगभूमी बनतात. याउलट कॅपकॉम या जपानी कंपनीच्या रेझिडंट ईव्हिल (१९९६) या खेळात गोळ्या मोजक्या मिळतात, पात्राला वळण्यास वेळ लागतो आणि दृश्याचा कोन ठरलेला असल्याने कोपऱ्यापलीकडचे दिसत नाही. प्रत्येक गोळी झाडताना ती पुढे अधिक निकडीने लागेल काय, असा विचार करावा लागतो. म्हणून तेथील रिकामी खोलीही भयप्रद वाटते. कोनामीच्या सायलेंट हिल (१९९९) या खेळात दूरचे दृश्य रेखाटण्याची यंत्राची असमर्थता धुक्याने झाकली असून तेच धुके त्या ओसाड गावाची ओळख बनले आहे. राक्षस जवळ आला की, नायकाजवळील रेडिओ खरखरू लागतो. शत्रू दिसण्यापूर्वी ऐकू येतो आणि लढावे की पळावे, हा निर्णय धुक्यातच घ्यावा लागतो.

सायलेंट हिलचा नायक हा सामान्य लेखक असल्याने त्याची लढण्यातील अकुशलता भयाला पोषक ठरते, असे तिचे समर्थन केले जाते. ते बऱ्याच अंशी ग्राह्य आहे. पण त्याला मर्यादा आहे. भारतीय रसविचाराच्या परिभाषेत राक्षस हा आलंबन विभाव, तर धुके व खरखर हे उद्दीपन विभाव म्हणता येतील. तथापि नाट्याचा प्रेक्षक आणि खेळाडू यांत मूलभूत भेद आहे. रंगभूमीवरील भयाशी प्रेक्षकाचे वैयक्तिक हिताहित निगडित नसते, म्हणून त्याचे साधारणीकरण होऊन ते आस्वाद्य बनते. खेळाडूला मात्र पराभव स्वतः सोसावा लागतो आणि त्याचे तासाभराचे श्रम वाया जाऊ शकतात. त्याचे भय काही अंशी लौकिकच असते. तोच प्रसंग दहाव्यांदा खेळावा लागला, तर भयाची जागा चीड घेते आणि धुक्याचा विसर पडून केवळ हातातील बटणांची जाणीव उरते.

फ्रॉमसॉफ्टवेअरच्या डार्क सोल्स (२०११) या खेळात हिदेताका मियाझाकी यांनी या अडचणीवर एक उपाय योजिलेला दिसतो. तेथील नायक शापित असून तो मरूनही पुन्हा उठतो. त्यामुळे खेळाडूचे वारंवार होणारे मरण कथेला छेद देत नाही, तर त्या क्षयग्रस्त जगाच्या नियमाचाच भाग ठरते. मरणाच्या जागी पडलेले संचित परत मिळविण्याची एक संधी असते. मार्गात पुन्हा मरण आले, तर ते कायमचे जाते. परतीची वाट यामुळे ओळखीची असूनही धास्तीची राहते.

लढत व वातावरण यांच्या संयोगाचा सर्वांत लक्षणीय आविष्कार फुमितो उएदा यांच्या शॅडो ऑफ द कोलोसस (२००५) या खेळात आढळतो. मृत तरुणीला जिवंत करण्यासाठी एक युवक निर्जन प्रदेशातील १६ महाकाय प्राण्यांना मारावयास निघतो. यांखेरीज तेथे दुसरा शत्रू नाही. घोड्यावरील लांब प्रवासात संगीत बहुधा नसते. टापांचा व वाऱ्याचा आवाज तेवढा असतो. महाकायाच्या अंगावर चढताना पकड टिकविण्याची शक्ती हळूहळू संपत जाते व संगीत आवेशपूर्ण होते. परंतु तो कोसळताच विजयगीताऐवजी शोकसूर ऐकू येतात आणि युवकाची मुद्रा उत्तरोत्तर म्लान होत जाते. वीररसाची परिणती करुणात होते. हा करुण निव्वळ कथेतून सांगितलेला नाही. घाव खेळाडूनेच घातलेला असल्याने त्याचा सल त्यालाच जाणवतो. प्रेक्षकाच्या ठायी संभवत नसलेली ही उत्तरदायित्वाची जाणीव हे या माध्यमाचे खास सामर्थ्य होय.

पुणे येथील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा राजी : ॲन एन्शंट एपिक (२०२०) हा खेळही या दृष्टीने विचारात घेण्याजोगा आहे. असुरांनी पळविलेल्या भावाचा शोध घेणाऱ्या राजीची कथा दुर्गा व विष्णू यांच्या संवादांतून उलगडते. राजस्थानी धाटणीच्या वास्तू व छायाबाहुल्यांची दृश्ये यांतून त्याचे वातावरण समृद्ध झाले आहे. खांबाभोवती गिरकी घेऊन राजी प्रहार करते, तेव्हा लढत तिच्या कसरतपटू स्वभावातून आलेली वाटते. मात्र बंदिस्त चौकात असुरांच्या तुकड्या एकामागून एक येऊ लागल्या की, लढत कथेपासून सुटते व पुढचे दालन उघडण्याची अट तेवढी राहते.

लढत असलेल्या खेळांवर हिंसेचे आकर्षण वाढविल्याचा आक्षेप घेतला जातो. त्याचा विचार करताना खेळात किती शत्रू मारले जातात, एवढेच पाहून भागणार नाही. ते मारणे त्या जगात कोणत्या वातावरणात घडते आणि घाव घातल्यानंतर खेळाडूला काय ऐकू येते, हेही पाहिले पाहिजे.