दोन जिवांची धाव : आयरिस यंग यांच्या एका निबंधाचे वाचन

आज आपण एकच निबंध घेणार आहोत आणि तो एका प्रश्नावर घासून बघणार आहोत. निबंध आहे आयरिस मॅरियन यंग यांचा, १९८४ सालचा, 'प्रेग्नंट एम्बॉडिमेंट'. मराठीत आपण त्याला 'गर्भवतीचे देहपण' म्हणू. प्रश्न साधा आहे. सातव्या-आठव्या महिन्यातही एखादी बाई रोजचे पळणे चालू ठेवते, तेव्हा ती नेमके काय करत असते? आणि तिच्याकडे बघणारे आपण काय बघत असतो?

आधी निबंधाची पार्श्वभूमी. मर्लो-पाँतीने आपल्याला शिकवले की शरीर ही माझ्या मालकीची वस्तू नव्हे. शरीर म्हणजे 'मला जमते' ही जाणीव. हात पेल्याकडे जातो तेव्हा मनात पेला असतो, हात नसतो. या परंपरेतल्या पुष्कळांनी यावरून असा निष्कर्ष काढला की शरीर स्वतःकडे लक्ष वेधू लागले की काहीतरी बिघडले आहे. दुखणे तरी आहे, नाहीतर थकवा. यंग यांचा आक्षेप इथे आहे. त्या म्हणतात, गरोदर बाईला आपल्या देहाचा भार, आकार, हालचाल सतत जाणवते, आणि तरी ती आपल्या कामात असते. दोन्ही एकाच वेळी. देह जाणवणे म्हणजे अडथळाच, असे नाही.

त्यांचे एक उदाहरण आम्हाला फार आवडते. बुटाची नाडी बांधायला वाकावे, आणि स्वतःच्याच टणक पोटाचा मांडीला स्पर्श होऊन आश्चर्य वाटावे. आपण कुठे संपतो याचा अंदाज क्षणभर चुकतो. मराठीत अशा बाईला आपण 'अवघडलेली' म्हणतो, आणि 'दोन जिवांची'ही म्हणतो. बघा, पहिल्या शब्दात फक्त अडचण आहे, दुसऱ्यात भर आहे. यंग यांचा सगळा निबंध या दोन शब्दांच्या मधल्या जागेत उभा आहे, असे म्हणायला हरकत नाही.

आता धावणे. धावपटूने शरीर विसरावे अशी आपली कल्पना असते. म्हणून यंग यांच्या म्हणण्याची खरी परीक्षा इथेच होते. २०१४ च्या जूनमध्ये सॅक्रामेंटो इथे अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेत अलिशिया मोंटान्यो ही धावपटू ३४ आठवड्यांची गरोदर असताना ८०० मीटर धावली. वेळ लागला २ मिनिटे ३२.१३ सेकंद, म्हणजे तिच्या सर्वोत्तम वेळेपेक्षा जवळजवळ ३५ सेकंद जास्त. ती शेवटची आली आणि प्रेक्षक टाळ्या वाजवत उभे राहिले.

यावर दोन प्रकारे बोलले गेले. एक, 'काय हा आततायीपणा!' दुसरे, 'काय ही वीरांगना!' आमच्या मते दोन्ही वाचने बाहेरून केलेली आहेत. एकाला फक्त पोट दिसते, दुसऱ्याला फक्त जिद्द. ते ३५ सेकंद कोणालाच दिसत नाहीत. ती डॉक्टरांशी बोलून उतरली होती आणि मुद्दाम हळू धावली. गुरुत्वमध्य पुढे सरकलेला, सांधे सैलावलेले, शरीरातले रक्त जवळपास दीडपट झालेले. अशा देहाला कोणती गती झेपेल हे ओळखणे हेच तिथले कसब होते. देह विसरून ते जमलेच नसते. इथवर यंग बरोबर ठरतात.

पण आता जरा टीका करू. निबंधाच्या उत्तरार्धात यंग वैद्यकावर बोलतात : यंत्रे आणि तज्ज्ञ मिळून बाईचा स्वतःच्या देहाविषयीचा अधिकार काढून घेतात. याला पुष्टी देणारी एक गोष्ट दुसऱ्याच वर्षी घडली. १९८५ मध्ये अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने सांगितले की गरोदरपणी व्यायाम करताना नाडीचे ठोके मिनिटाला १४० च्या वर जाऊ नयेत. चालणारी असो वा मॅरेथॉन पळणारी, आकडा एकच. १९९४ मध्ये तो मागे घेतला गेला. आज तीच संघटना म्हणते की ज्यांना पळण्याची सवय आहे आणि गरोदरपण निरोगी आहे, त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने पळणे चालू ठेवायला हरकत नाही. श्रम किती होताहेत हे बाईला विचारा, पळताना बोलता येते का ते बघा, असा आता रोख आहे.

म्हणजे यंग जिंकल्या? पूर्ण नाही. वार गर्भाशयाच्या तोंडावर असेल, तर रक्तस्राव सुरू होईपर्यंत बाईला आतून काहीच कळत नाही. रक्तदाब वाढतो तोही बहुधा गुपचूप. तिथे सोनोग्राफी आणि रक्तदाबाचे यंत्र तिच्या अनुभवाला जे ठाऊक नाही ते सांगतात, आणि तेव्हा धावणे थांबवायचेच असते. आतला अनुभव खरा असतो, पण पुरेसा नसतो. यंत्र आले की परकेपण आले, हे समीकरण यंग फार लवकर मांडतात. आकडा ऐकून बाई स्वतः ठरवते, की तिला गप्प करायला आकडा वापरला जातो, हा फरक करायला हवा होता.

दुसरा आक्षेप मोठा आहे. आपण स्वेच्छेने स्वीकारलेल्या गरोदरपणाबद्दलच बोलतो आहोत, हे यंग प्रामाणिकपणे सांगतात. पण ती मर्यादा सांगून पुढे जाता येत नाही. आपल्याकडचेच बघा ना. बीडहून ऊसतोडीला जाणारी बाई भरत आलेल्या दिवसांतही डोक्यावर मोळी घेऊन ट्रॉलीवर चढते. नवरा-बायको मिळून एक 'कोयता', उचल आधीच घेतलेली, आणि खाडा झाला की पैसे कापले जाणार. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूतीची पगारी रजा २६ आठवड्यांची झाली, पण ती रजा फडात कोण देणार? तिचाही देह भार आणि काम एकाच वेळी वाहतो. यंग यांचे वर्णन तिला तंतोतंत लागू पडते, आणि तरी तिथे स्वातंत्र्याचा मागमूस नाही. म्हणजे वर्णन पुरेसे नाही.

मग कसोटी कोणती? आम्हाला वाटते, थांबता येणे. जिला थांबता येते तिचेच धावणे तिचे असते. आणि मोंटान्योच्या बाबतीतही हे सरळ नाही. २०१९ मध्ये तिनेच जाहीरपणे लिहिले की गरोदर खेळाडूंचे मानधन प्रायोजक कंपन्या कापतात. पट्टीवरची धावपटू आणि फडातली मजूर यांच्यात अंतर फार आहे, पण थांबले की पैसे तुटणार, ही भीती दोघींच्याही वाट्याला येते.

म्हणून पाचव्या महिन्यात पळणे सोडून चालायला लागलेली बाई कुठे कमी पडली, असे कृपा करून समजू नका. पूर्वी हुकूम होता 'पडून राहा'. आता त्या फोटोंमधून नवा हुकूम निघू पाहतो, 'पळत राहा'. दोन्हींमध्ये तिला कोणी विचारलेले नाही.

निबंध जरूर वाचा. चाळीस वर्षांनंतरही तो वाचकाला आपल्याच शरीराकडे नव्याने बघायला लावतो. फक्त वाचताना यंग यांना एक प्रश्न विचारत राहा : ही बाई थांबली, तर तिचे काय होईल?

आपणही इथे थांबू. आता तुमचे प्रश्न घेऊ.