पाठ फिरवलेले आजोबा

ओबरसाल्झबर्गच्या डोंगरावर, बंगल्यापुढे जमलेल्या गर्दीतून हिटलर एका तीन वर्षांच्या मुलीला बोलावतो आणि मांडीवर बसवतो. लोक कौतुकाने बघत असतात, फोटो निघत असतात. मुलीला मात्र दिसते ते वेगळेच: तिच्या आजोबांनी संतापाने पाठ फिरवली आहे.

इर्मगार्ड हंट यांच्या 'ऑन हिटलर्स माउंटन' (२००५) या आठवणींतला हा प्रसंग मला साऱ्या पुस्तकाचा गाभा वाटतो. आजोबा का रागावले, हे त्या वयात कळणे शक्यच नव्हते. ते न कळणे लेखिकेने जपले आहे. सत्तरीतली बाई लिहिते, पण तीन वर्षांच्या मुलीच्या डोळ्यांवर आपला चष्मा चढवत नाही. त्यामुळे ती पाठ अधिक बोलते. सगळे गाव एका बाजूला झुकलेले असताना घरातलाच एक म्हातारा तिकडे बघायचेही नाकारतो.

हंट यांचा जन्म १९३४चा. वडील चिनी मातीच्या भांड्यांवर चित्रे रंगवायचे. घर बेर्श्टेसगाडेनला, डोंगराच्या पायथ्याशी. आईवडील क्रूर नव्हते. मंदीत पोळलेल्या त्या साध्या माणसांना हिटलरने चांगले दिवस आणले, असे मनापासून वाटत होते. लेखिका त्यांच्यावर माया करते आणि तरीही त्यांना मोकळे सोडत नाही. वरच्या अंगाला हिटलरचा सहकारी बोरमान शेतकऱ्यांना पिढीजात घरांतून उठवत होता, कुंपणे घालत होता. पुढे वडिलांना सैन्यात बोलावणे आले. १९४१मध्ये फ्रान्समध्ये त्यांचा मृत्यू झाला.

हिटलरची भुरळ आपल्याकडेही संपलेली नाही. पुण्यात पदपथावरच्या पुस्तकांत हिटलरचे आत्मचरित्र आजही यशाचे मंत्र सांगणाऱ्या पुस्तकांशेजारी मांडलेले दिसते. 'या देशाला एखादा हिटलरच हवा' हे वाक्य चांगल्या, शिकलेल्या घरांत मी ऐकले आहे, आणि दर वेळी मला त्याची भीती वाटली आहे. वि. ग. कानिटकरांनी 'नाझी भस्मासुराचा उदयास्त'मधून मराठी वाचकाला त्या राजवटीचा इतिहास दिला. हंट तीच राजवट स्वयंपाकघरातून, शाळेच्या बाकावरून दाखवतात. देवाचे नाव घेऊन नमस्कार करणाऱ्या गावात हिटलरचे नाव घेऊन अभिवादन करायची सक्ती झाली, एवढ्या तपशिलातही ती कळते.

२५ एप्रिल १९४५ रोजी ब्रिटिश विमानांनी ओबरसाल्झबर्गवर बॉम्ब टाकले. हिटलर तेव्हा बर्लिनमध्ये होता. डोंगराखालची मुले मात्र तिथेच होती. युद्ध संपल्यावर ही मुलगी मोठ्यांना प्रश्न विचारू लागते. त्या डोंगरावरचे आपले बालपण सुखाचेही होते, हे ती लपवत नाही. मला या पुस्तकात सर्वांत धीट वाटते ते हेच.