अधिक-उणे दहा मिनिटं

मे महिन्याच्या मध्यावर आम्ही आठ जण एका व्हॅनमधून यलोस्टोन बघायला गेलो होतो. जॅक्सनहून निघालो, ग्रँड टीटनच्या पायथ्याशी एक रात्र राहिलो आणि दक्षिणेच्या दरवाजातून आत शिरलो. टीटनच्या शिखरांवर बर्फ जसाच्या तसा होता, खाली मात्र गवत हिरवं व्हायला लागलं होतं. बायसनची विटकरी रंगाची पिल्लं आयांच्या पायांत घुटमळत होती. इथे वसंतात जावं ते याचसाठी. अस्वलं गुहांबाहेर पडलेली असतात, प्राणी खालच्या खोऱ्यांत दिसतात आणि जुलैची गर्दी अजून यायची असते.

पण आजची पोस्ट प्रवासवर्णन नाही. त्या सहलीत मला दोन गोष्टी ऐकायला मिळाल्या, एक गीझरची आणि एक लांडग्यांची. पहिली ज्या पद्धतीने सांगितली गेली ती मला फार आवडली. दुसरीबद्दल तक्रार आहे, आणि ती आधी स्वतःविरुद्धच आहे, कारण तीच गोष्ट मी तीन वर्षं वर्गात सांगत आलेय.

आधी गीझर. (हो, न्हाणीघरातला गीझर याच्याच नावाचा.) ओल्ड फेथफुल घड्याळ लावून उडतो असा आपला समज असतो. तसं नाही. मागचा फवारा किती वेळ टिकला ते बघून पुढच्याचा अंदाज बांधतात. अडीच मिनिटांच्या आत आटोपला तर जमिनीखाली गरम पाणी बरंच शिल्लक राहतं, मग पुढचा फवारा साधारण तासाभराने येतो. जास्त वेळ चालला तर दीड तास थांबावं लागतं. हा अंदाज फलकावर लावतात, आणि वेळेच्या शेजारी लिहितात: अधिक-उणे दहा मिनिटं. आम्ही बाकावर बसलो. तो सात मिनिटं उशिरा उडाला. कोणीही ‘फसवलं’ म्हणालं नाही. चूक किती होऊ शकते हे आधीच सांगितलं होतं ना!

दुसऱ्या दिवशी पहाटे लामार खोऱ्यात दुर्बिणी लावून उभे होतो. लांब बर्फाच्या कडेने तीन ठिपके सरकले. लांडगे! अंगावर काटा आला. परतताना गाइडने व्हॅनमधल्या पडद्यावर एक छोटी फिल्म लावली. बहुधा तुम्हीही ती पाहिली असेल: ‘हाऊ वुल्व्ह्ज चेंज रिव्हर्स’. २०१४ सालची, जेमतेम साडेचार मिनिटांची, आवाज जॉर्ज मॉन्बिओ यांचा.

गोष्ट अशी. यलोस्टोनमधले शेवटचे लांडगे १९२६ मध्ये मारले गेले. मग एल्क (काश्मिरातल्या हंगुलाचे जवळचे नातेवाईक) वाढले आणि त्यांनी झाडोरा फस्त केला. १९९५-९६ मध्ये कॅनडातून ३१ लांडगे आणून सोडले. एल्क कमी झाले, जे उरले ते भीतीने दऱ्या टाळू लागले. विलो आणि अ‍ॅस्पेन उंच वाढले, बीव्हर आले, पक्षी आले, काठ बळकट झाले आणि शेवटी नद्यांनीही आपली वाट बदलली. शास्त्रीय भाषेत ट्रॉफिक कॅस्केड: वरच्या पायरीवर बदल झाला की खालच्या पायऱ्यांपर्यंत पोचणारा परिणाम.

फिल्म म्हणून ती उत्तम आहे, हे आधी मान्य करू. प्रत्येक वाक्यातून पुढचं वाक्य निघतं, संगीत चढत जातं, आणि माणसाने केलेली चूक माणसानेच दुरुस्त केली याचं समाधान मिळतं. शिवाय ती नुसती थापही नाही. उत्तरेकडचा एल्कचा कळप १९९०च्या दशकाच्या मध्यात १९ हजारांच्या आसपास होता, तो २०१३ पर्यंत चार हजारांच्या घरात आला. काही ठिकाणी विलो खरंच वाढले. लांडग्यांनी टाकलेल्या शिकारीवर कावळे-अस्वलं जगतात. माझी तक्रार आहे ती गोष्टीतल्या ‘म्हणून’ या शब्दाबद्दल.

पहिला ‘म्हणून’: लांडगे आले म्हणून एल्क घटले. त्याच काळात ग्रिझली अस्वलं आणि प्यूमाही वाढले, उद्यानाच्या हद्दीबाहेर माणसांची शिकार चालू होती, दुष्काळही पडले. फिल्ममध्ये अस्वलांचा उल्लेख सोडला तर यातलं काही नाही. भीतीचं प्रकरणही वाटतं तितकं सरळ नाही. २०१८ मध्ये आलेल्या एका अभ्यासात दिसलं की एल्क धोक्याच्या जागा कायमच्या सोडत नाहीत. लांडग्यांची धावपळ पहाटे आणि संध्याकाळी जास्त असते, ती थंडावली की एल्क त्याच जागी चरायला येतात.

दुसरा ‘म्हणून’: एल्क घटले म्हणून झाडं वाढली. किती वाढली? हा माझ्या कामाचा विषय, म्हणून जरा थांबते. अ‍ॅस्पेनची वाढ मोजताना बरीच वर्षं प्रत्येक राईतली सर्वांत उंच पाच कोवळी झाडं घेण्याची पद्धत होती. आता आपल्याकडच्या क्लासचा फ्लेक्स आठवा. पहिल्या पाच जणांचे फोटो आणि टक्के. त्यावरून अख्ख्या वर्गाचा निकाल सांगता येईल? ब्राइस, लार्सन आणि मॅकनल्टी यांनी २०२२ मध्ये ‘इकॉलॉजी लेटर्स’मध्ये दोन्ही पद्धतींची तुलना केली: उंच झाडं निवडून आणि चिठ्ठ्या टाकल्यासारखी, कुठलीही. उंच निवडल्याने अ‍ॅस्पेनचं पुनरुज्जीवन चार ते सात पट फुगवून दिसत होतं. लक्षात घ्या, परिणाम शून्य निघाला नाही. तो आहे, पण क्षीण आहे.

तिसरा ‘म्हणून’ सगळ्यात महत्त्वाचा: कारण दूर केलं म्हणून सगळं पूर्ववत झालं. कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीच्या हॉब्ज, कूपर आणि सहकाऱ्यांनी २००१ पासून उत्तरेकडच्या ओढ्यांवर प्रयोग केला. काही विलोंना कुंपण घातलं, काही ठिकाणी बीव्हरसारखे छोटे बांध घालून भूजल वर आणलं, काही ठिकाणी दोन्ही केलं, काही जागा तशाच ठेवल्या. विलो म्हणजे आपल्या नदीकाठच्या वाळुंजाची भावंडं, पाय पाण्यात असल्याशिवाय ती धरत नाहीत. दहा वर्षांनंतर दोन मीटरची उंची गाठली ती फक्त कुंपणही होतं आणि बांधही होता तिथल्या विलोंनी.

याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. लांडगे नव्हते त्या सत्तर वर्षांत एल्कनी विलो संपवले, विलो नाहीत म्हणून बीव्हर गेले, त्यांचे बांध फुटले, ओढे खोल चिरत गेले आणि भूजल खाली उतरलं. आता लांडगा परत आला तरी तो बांध घालत नाही! उतरायला एक वाट होती, चढायला ती राहिलीच नाही.

आणि नद्या? जून २०२२ मध्ये वितळत्या बर्फावर मुसळधार पाऊस कोसळला आणि गार्डनर नदीने उत्तरेच्या दरवाजाकडचा रस्ता जागोजागी तोडून नेला. आमच्या गाइडने ती जागा दाखवली. फिल्म संपून अर्धा तास झाला होता. नदीची वाट कोण बदलतं याचा पुरावा खिडकीबाहेर होता, आणि व्हॅनमधलं कोणी, मीसुद्धा, काही बोललं नाही.

वाद मिटलाय असं समजू नका. २०२५ मध्ये रिपल आणि सहकाऱ्यांनी विलोंचा विस्तार १५०० टक्क्यांनी वाढल्याचं मांडलं, आणि त्यांच्या हिशोबावर लगेच टीकाही झाली. विज्ञान असंच चालतं.

‘मग एवढं काय बिघडतं? गोष्टीमुळे लोकांना लांडगे आवडायला लागले ना?’ हा प्रश्न मला वर्गातल्या एका मुलीने विचारला, आणि तेव्हा मी गप्प बसले. आज उत्तर देते. कोलोरॅडोत २०२० मध्ये लोकांनी मतदान करून लांडगे आणायचं ठरवलं, डिसेंबर २०२३ मध्ये ते सोडले. आपल्याकडे कुनोत चित्ते आणताना माळरानं सुधारण्याची भाषा झालीच होती. प्राणी आणले की परिसंस्था आपोआप सावरते असं आपण शिकवलं, तर ती सावरली नाही तेव्हा दोष त्या प्राण्यावर येईल. आणि त्याहून वाईट म्हणजे, गेलेलं परत आणता येतं अशी खात्री असली की ते जाऊ देताना हात थरथरत नाही. सोलापूरच्या माळावर आज लांडगा आहे. तो आहे तोवर राखणं हे सत्तर वर्षांनी आणून सोडण्यापेक्षा फार स्वस्त आहे.

फिल्म मी यापुढेही दाखवणार आहे. तुम्हीही बघा, चांगली आहे. फक्त ती संपल्यावर फळ्यावर एक ओळ लिहीन आणि तिच्यात आकडा काय भरायचा ते मुलांनाच विचारीन: अधिक-उणे किती?