एका स्टॅलॅग्माइटवर किती भार टाकायचा?

पुराहवामानात रिसर्च करायचा विचार असेल, तर मॅक्स बर्केलहॅमर आणि सहकाऱ्यांचा २०१२ चा मान्सूनवरचा पेपर नक्की वाचा. मेघालयात चेरापुंजीजवळ मावम्लुह नावाची चुनखडीतली गुहा आहे. तिथल्या एका स्टॅलॅग्माइटवर हा अख्खा पेपर उभा आहे. याच नमुन्याच्या आधारे २०१८ मध्ये आपण जगतोय त्या भूशास्त्रीय कालखंडाला 'मेघालयन' हे नाव मिळालं.

पद्धत थोडक्यात अशी. पावसाचं पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं आणि चुनखडी विरघळवतं. गुहेत थेंब पडतो, वायू निसटतो आणि कॅल्साइटचा पातळ थर मागे राहतो. पाण्यात युरेनियम विरघळतं, थोरियम जवळपास नाही. त्यामुळे थरात नंतर साठलेल्या थोरियमवरून त्याचं वय काढता येतं. ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून मान्सूनचा अंदाज बांधतात.

पेपरची ताकद इथेच आहे: वय आणि मान्सूनची खूण, दोन्ही एकाच दगडात मिळतात. पण वाचताना तीन ठिकाणी थांबा.

पहिलं, ऑक्सिजनचं गुणोत्तर म्हणजे पर्जन्यमापक नव्हे. बाष्प कुठल्या समुद्रावरून आलं, पाऊस कुठल्या महिन्यात पडला, यानेही ते बदलतं. दुसरं, पेपरमध्ये मोठा बदल सुमारे ४,०७० वर्षांपूर्वी सुरू होतो, तर मेघालयनची सीमा धरली आहे ४,२०० वर्षांपूर्वीची. हा फरक मजकुरात सहज निसटतो. तिसरं, नमुना एकच. हडप्पा संस्कृतीच्या ऱ्हासापर्यंत थेट उडी मारणाऱ्या बातम्यांना याचं काही पडलेलं नसतं, आपल्याला असायला हवं.

यावर उपाय कोणता? परत त्याच गुहेत जाणं. गायत्री कठायत आणि सहकाऱ्यांनी तेच केलं. २०१८ मध्ये त्यांनी मावम्लुहमधल्याच दुसऱ्या नमुन्यांवरून जास्त बारीक नोंद मांडली. तिच्यात शतकानुशतकं सलग चाललेल्या एकाच दुष्काळाऐवजी काही दशकं टिकणारे कोरडे टप्पे दिसतात. म्हणजे मूळ चित्र बरंच गुंतागुंतीचं निघालं.

आणि मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो मुद्दा इथे येतो. ही तपासणी शक्य झाली, कारण गुहा जागेवर होती. मावम्लुह परिसरात सिमेंटसाठी चुनखडी काढली गेली आहे. मेघालयातल्या इतर गुहांच्या भागातही खाणी आहेत. कार्स्ट प्रदेशात गुहेचं तोंड राखून भागत नाही. वरची माती, झाडं आणि खडकातल्या भेगा बदलल्या की खालचा थेंबच बदलतो. तरीही बहुतेक पेपरांत गुहा 'अभ्यासक्षेत्र' या एका परिच्छेदात आटोपते.

खाणवाल्यांना बोलताना आपणही आरशात बघायला हवं. हजारो वर्षं वाढलेला स्टॅलॅग्माइट आपण एका दिवसात कापून आणतो. म्हणून प्रपोजल लिहिताना आधी हे लिहा: आधीच तुटून पडलेला तुकडा चालेल का? छोटा कोअर पुरेल का? उरलेला अर्धा भाग कुठे ठेवणार, आणि तो दुसऱ्यांना तपासायला मिळेल का? गावाची परवानगी घेतली का?

ज्या निष्कर्षाची दुसऱ्याला फेरतपासणी करता येत नाही, त्यावर विज्ञान फार दिवस उभं राहत नाही. गुहा वाचवणं हा आपल्या मेथडॉलॉजीचाच भाग आहे.