पाहुण्याची खिडकी

समुद्रकांठच्या हॉटेलांत चार दिवस राहून आलेल्या मनुष्याचें प्रवासवर्णन वाचावयास घेतलें कीं, तिसऱ्या पानावर काय येणार हें आधींच ठाऊक असतें. खिडकी उघडतांच दिसणारें निळें पाणी, पांढरी वाळू, माडांची रांग आणि हंसतमुखानें पेला पुढें करणारा नोकर. त्या नोकराच्या घरीं पाणी येतें काय, हा प्रश्न लेखकास पडत नाहीं, आणि वाचकासही तो पडूं नये अशीच त्या वर्णनाची बांधणी असते. जमैका किंकेड या लेखिकेचें, 1988 सालीं प्रसिद्ध झालेलें, ‘अ स्मॉल प्लेस’ हें छोटेखानी पुस्तक याच खिडकीशीं येऊन उभें राहतें, पण बाहेरच्या बाजूनें. म्हणून त्याचा परामर्श घेणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

लेखिका कॅरिबियन समुद्रांतील अँटिग्वा बेटावर 1949 सालीं जन्मली. बारा मैल लांब आणि नऊ मैल रुंद, एवढेंच तें बेट. इंग्रजांनीं तेथें उसाचे मळे केले व आफ्रिकेंतून आणलेले गुलाम त्यांवर राबविले. गुलाम 1834 सालीं मुक्त झाले, बेट 1981 सालीं स्वतंत्र झालें. दरम्यान ऊस गेला आणि पाहुणे आले. वर्षाच्या प्रत्येक दिवसास एक, याप्रमाणें 365 पुळणी आपल्याकडे आहेत अशी जाहिरात हें बेट करीत असतें.

पुस्तकाचा पहिला भाग विमानतळापासून हॉटेलापर्यंतचा, आणि त्याचा नायक आहे ‘तुम्ही’. तुम्ही विमानांतून उतरतां, जकातीच्या नाक्यावरून झटकन् सुटतां. परदेशीं राबून आप्तांसाठीं खोकीं भरून आणणारा बेटकरी मात्र मागें अडकतो. आभाळ निरभ्र पाहून तुम्हांस आनंद होतो. तें बेट पावसावांचून तहानलेलें आहे हें तुमच्या गांवींही नसतें. मोटार नवी कोरी, जपानी. पण तिला न मानवणारें शिसेमिश्रित पेट्रोल घातल्यामुळें तिचा आवाज कान किटविणारा. घरासाठीं कर्ज मिळणें कठीण, मोटारीसाठीं सुलभ, कारण मोटारी विकण्याच्या धंद्यांत मंत्र्यांचेंच अंग आहे. वाटेंत ग्रंथालयाची इमारत लागते. 1974 च्या भूकंपांत ती खिळखिळी झाली, आणि दुरुस्ती व्हावयाची आहे अशी पाटी तेव्हांपासून तिच्यावर आहे. मग हॉटेल येतें, निळें पाणी येतें, आणि त्यांत तुम्ही पाय घालतां न घालतां लेखिका सांगते कीं, बेटावर मैल्याची नीट व्यवस्थाच नाहीं; तेव्हां घोट्याला काय घांसून गेलें तें पाहा! संध्याकाळीं चवीनें खाल्लेले पदार्थ बहुतेक मायामीहून विमानानें आलेले.

या संतापाची घडण मोठी शांत आहे. कोठें आरडाओरडा नाहीं; जें दिसतें त्यामागें काय आहे तेवढेंच सांगावयाचें, आणि पुढें चालावयाचें. सारा भार एका सर्वनामावर. इंग्रजींत तें एकच आहे. हें पुस्तक मराठींत आणूं पाहणारास तूं, तुम्ही, आपण यांतून निवड करावी लागेल. हॉटेलवाला पाहुण्यास ‘आपण’ म्हणतो; चिडलेला मनुष्य ‘तूं’ म्हणेल. आमच्या मतें येथें ‘तुम्ही’च हवें. घरच्या माणसानें आदर न सोडतां ऐकविलेला शब्द शिवीहून खोल जातो.

तथापि एके ठिकाणीं आमचा मतभेद आहे. मुक्तिदिन साजरा करणारे हेच लोक हॉटेलकामाच्या शाळेचा पदवीदान-समारंभही थाटानें साजरा करतात, आणि चांगले नोकर होण्याच्या या शिक्षणाचा गुलामगिरीशीं असलेला संबंध त्यांस दिसत नाहीं, असा लेखिकेचा कडू आक्षेप आहे. वाक्य झोंबतें खरें; परंतु वेतन घेऊन केलेली चाकरी आणि विकत घेतलेलें शरीर यांतील अंतर एका फटक्यानें पुसून टाकतां येत नाहीं. याच बेटाचे पहिले पंतप्रधान व्ही. सी. बर्ड कामगारसंघटनेंतून वर आले होते. (पुढें विमानतळास त्यांचेंच नांव मिळालें, यावर लेखिकेनें मारलेला टोला मात्र अगदीं वाजवी आहे.) चादरी बदलणारी बाई आणि ताटें वाढणारा पोऱ्या या पुस्तकांत समूहानें येतात, त्यांच्या तोंडून दोन शब्द ऐकावयास मिळते, तर हा आक्षेप टिकतो कीं नाहीं हें कळलें असतें.

लेखिकेचा पाहुणा युरोप-अमेरिकेंतील गोरा आहे, हें ती स्वतःच स्पष्ट म्हणते. येथें मराठी वाचकास सुटल्यासारखें वाटण्याचा संभव आहे. पण आतां आपल्यांतीलही पुष्कळ कुटुंबें सुटींत मॉरिशसला जातात व तेथील समुद्रकांठच्या हॉटेलांत उतरतात. गुलामांच्या मुक्ततेनंतर तेथील उसाच्या मळ्यांवर हिंदुस्थानांतून करारानें मजूर नेण्यांत आले. त्यांत मुंबई बंदरांतून गलबतांत बसलेले मराठी लोकही होते. त्यांचे वंशज आजही तेथें आहेत, गणेशचतुर्थीस तेथें सरकारी सुटी असते, शाळांतून मराठी शिकविली जाते. ज्या हॉटेलाच्या खिडकींतून आपण निळें पाणी पाहतों, त्याच्या दारावर उभ्या असलेल्या मनुष्याचा पणजा कदाचित् आपल्याच तालुक्याचा असेल. मग हें ‘तुम्ही’ नेमकें कोणास उद्देशून आहे? किंकेडबाईंस हा वाचक ठाऊक नव्हता. प्रत्येक रहिवाशाला पाहुणा व्हावेंसें वाटतें, परंतु बहुतेकांपाशीं त्यास पैसा नसतो, असें त्या म्हणतात. ज्याच्यापाशीं तो नुकताच आला आहे त्याच्याविषयीं पुस्तक मूक आहे.

अँटिग्वाच्या नव्या ग्रंथालयाचें दार 2014 सालीं उघडलें. भूकंपास तेव्हां चाळीस वर्षें झालीं होतीं.