पेप्टाइडची डबी

दिवाळे कोळीवाड्यात मासळी विकणाऱ्या एका मावशींनी आमच्यापुढे क्रीमची डबी धरली. लेकीने आणलेली. ‘ह्यानं सुरकुत्या जातील का?’ डबीवर ‘पेप्टाइड’ ठळक छापले होते. किती, ते नव्हते.

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. त्वचेतले कोलॅजन तुटले की असे तुकडे सुटतात आणि त्यांच्या इशाऱ्याने पेशी नवे कोलॅजन बनवतात, अशी यामागची कल्पना. काचपात्रातल्या पेशींवर तिला आधारही मिळाला आहे. अडचण पुढे आहे. त्वचेचा वरचा थर साधारण ५०० डाल्टनपेक्षा मोठे रेणू सहजी आत सोडत नाही. पाच अमिनो आम्लांचे एक प्रसिद्ध पेप्टाइड, थरातून शिरावे म्हणून मेदाम्ल जोडल्यावर, ८०० डाल्टनचे होते.

२००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ९३ स्त्रियांनी १२ आठवडे चेहऱ्याच्या एका बाजूस हे पेप्टाइड असलेले, तर दुसऱ्या बाजूस तेच पण पेप्टाइड नसलेले क्रीम लावले. बारीक सुरकुत्यांत फरक पडला, पण थोडा. आणि चाचणी क्रीम बनवणाऱ्या कंपनीच्याच संशोधकांची होती. म्हणजे दावा निव्वळ खोटा नाही, फुगवलेला आहे.

मावशींना आम्ही त्यांचाच हात दाखवला. उन्हात राहणारी मनगटाची बाजू सुरकुतलेली, दंडाची आतली बाजू नितळ. वय दोन्हींचे एकच! कोलॅजन मोडणारे ऊन आधी अडवायला हवे: छत्री, पूर्ण बाह्या, परवडल्यास सनस्क्रीन.

वर्गात हीच तुलना करून पाहा. मग कोणतीही जाहिरात घ्या आणि विचारा: फरक पडला, तो कशाच्या तुलनेत?