खूण झाली, पण कळले का?

‘द चेकलिस्ट मॅनिफेस्टो’ हे शल्यचिकित्सक अतुल गावंडे यांचे पुस्तक २००९ सालचे. लेखक अमेरिकेतले, वडील मूळचे यवतमाळ जिल्ह्यातील उटी गावचे. निष्णात माणूसही घाईगर्दीत साधी गोष्ट विसरतो, म्हणून वैमानिकाप्रमाणे शल्यचिकित्सकानेही हाताशी तपासणी-यादी ठेवावी, असे पुस्तकाचे सांगणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९ कलमी यादीची दिल्लीसह आठ शहरांत चाचणी झाली. गुंतागुंतीचे प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आले, मृत्यूंचे १.५ वरून ०.८ टक्क्यांवर. ही हकिगत गावंडे फार रंगवून सांगतात.

आम्हाला खटकते ते निराळेच. या यादीत रुग्णाला विचारायचे ते एकदाच, भूल देण्यापूर्वी: नाव, शस्त्रक्रिया, तिची जागा, संमती. शेवटच्या टप्प्यात पुढील काळजीचा विषय येतो, पण तो डॉक्टर आणि परिचारिका आपसांत बोलतात. रुग्ण तेव्हा शस्त्रक्रियेच्या टेबलावरच असतो. रुग्ण घरी जातो त्या टप्प्याकडे पुस्तकही फारसे वळत नाही. पुढे २०१० साली नेदरलँड्समधील ‘सरपास’ यादीचे निष्कर्ष आले. ती दाखल होण्यापासून घरी जाईपर्यंत चालते.

घरी जाताना मात्र यादीचा स्वभावच बदलायला हवा. डॉक्टरची यादी जाणत्याला आठवण देते. रुग्णाला मुळात माहीतच नसते. ‘टाक्यांची काळजी सांगितली’ यापुढे बरोबरची खूण केली, तर सांगितले एवढेच सिद्ध होते. वर्गात ‘समजलं का?’ म्हटल्यावर येणारा एकसुरी ‘हो’ शिक्षकांना ओळखीचा आहे. रुग्णाला सांगितलेल्यापैकी ४० ते ८० टक्के माहिती तो लगेच विसरतो, असे २००३ सालच्या एका आढाव्यात नोंदवले आहे. त्यात आपल्याकडची डिस्चार्ज कार्डे बहुधा इंग्रजीत, ‘टी.डी.एस.’ म्हणजे दिवसातून तीनदा, हे शेतावर राबणाऱ्या बाईला कोणी सांगायचे?

म्हणून रुग्णाच्या यादीत प्रश्न हवेत आणि उत्तरे त्याच्याच तोंडून यायला हवीत. जखमेतून पू आला, ताप चढला, पोटरी सुजली तर काय कराल? कोणती गोळी कधी थांबवायची? वजन कधीपासून उचलाल? रात्री कोणाला फोन कराल? उत्तर चुकले तर पुन्हा समजावायचे आणि खूण त्यानंतरच करायची. एका पानात मावेल एवढीच यादी, हा गावंडे यांचा नियम इथेही लागू आहे. याला वेळ लागतो, आणि भरलेल्या वॉर्डातल्या परिचारिकेला तो कोठून मिळावा, याचे उत्तर या पुस्तकात नाही.